व्याकरण चालवा!

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या वेळी मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. एखादे वाक्य दिलेले असे आणि खाली सूचना : 'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.' समजा, वाक्य आहे 'सखूने घागर विहिरीत सोडली'. मग आम्ही लिहीत बसायचो. सखूने – विशेषनाम, स्त्रीलिंग, एकवचन, तृतीया, 'सोडली' या क्रियापदाचा कर्ता. घागर – सामान्यनाम, स्त्रीलिंग, एकवचन, प्रथमा, कर्म. सोडली – सकर्मक क्रियापद, भूतकाळ, कर्मणी प्रयोग. घागर पाण्यापर्यंत पोचली की नाही, सखू पाणी घेऊन घरी गेली की नाही, याच्याशी आम्हाला देणेघेणे नसे. वाक्यात सांगितलेली गोष्ट घडवून न आणता वाक्य नुसते उकलायचे, एवढेच काम.

हेच काम करणारी यंत्रे आहेत आणि ती आपल्या रोजच्या वापरात आहेत, हे मला फार उशिरा कळले. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण माझी मुलगी पुण्यात प्रोग्रॅमर आहे, आणि तिच्या जेवणाच्या ताटावरच्या गप्पांतून मला हा विषय मिळाला. तुम्ही मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढता, विजेचे बिल भरता, तेव्हा पडद्यामागे जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतला मजकूर येतो. तो मजकूर चालवण्याआधी ब्राउझर त्याचे व्याकरण चालवतो. या व्याकरण चालवणाऱ्याला म्हणतात पार्सर. ब्राउझरच्या पोटात एक पार्सर असतोच. पण त्याच्या बाहेर, स्वतंत्रपणे वापरता येतील असेही पार्सर लोकांनी लिहिले. ते प्रोग्रॅम चालवत नाहीत. फक्त वाचतात आणि उकललेले व्याकरण तुमच्या हातात देतात. त्यातही गंमत अशी, की मजकूर कसा वाचायचा, कोणत्या सालच्या नियमांनी वाचायचा, काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे तुम्ही त्यांना आधी सांगू शकता. मला आज बोलायचे आहे ते या सांगण्याविषयी.

आधी माझ्या मुलीकडे आलेले काम सांगतो. मुलांना शिष्यवृत्ती देणारा एक न्यास आहे. नाव सांगत नाही. त्याचे संकेतस्थळ दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी इंग्रजीत करून दिलेले. न्यासाच्या मंडळींना वाटले, अर्ज भरणारी मुले खेड्यांतली आहेत, पडद्यावर मराठी दिसायला हवे. त्यांनी एका माणसाला काम दिले. त्याने सरळ मार्ग धरला : इंग्रजी शब्द शोधायचा, तिथे मराठी टाकायचा. 'नेम' दिसले की 'नाव'. दुसऱ्या दिवशी अर्जच उघडेना. झाले होते असे, की 'नेम' हा शब्द पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीतही होता आणि प्रोग्रॅमच्या आत, माहितीच्या एका खणाचे नाव म्हणूनही होता. पहिला बदलायचा होता, दुसऱ्याला हात लावायचा नव्हता. शोधणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसले. नुसती अक्षरे पाहणाऱ्याला ते दिसणारच सारखे.

पार्सरला ते सारखे दिसत नाहीत. तो आधी मजकुराचे शब्द आणि चिन्हे सुटी करतो आणि मग त्यांचे एक झाड बांधतो. हे विधान, त्याच्या पोटात ही हाक, हाकेच्या पोटात हे नाव आणि हा अवतरणातला मजकूर. म्हणजे 'सखूने' कर्ता आणि 'घागर' कर्म, तसेच. शिवाय प्रत्येक पानावर लिहिलेले असते, की हा तुकडा कितव्या ओळीत, कितव्या अक्षरावर आहे. मग मुलीला एवढेच म्हणायचे होते : मला या झाडावरचे फक्त अवतरणातले मजकूर दे. नावांना हात लावू नकोस.

ऐकायला सोपे वाटते. पण जावास्क्रिप्ट वाचायला अवघड भाषा आहे. तिच्यात एक तिरपी रेघ आहे. दोन संख्यांच्या मध्ये आली तर तो भागाकार. दुसरीकडे आली तर अक्षरांचा एखादा नमुना शोधण्याची सूचना तिथून सुरू होते. कोणती कुठली, हे मागचे-पुढचे वाक्य कळल्याशिवाय ठरत नाही. दुसरी खोड तर कवींनी ऐकावी अशी. 'रिटर्न', म्हणजे 'हे उत्तर परत दे', एवढे लिहून तुम्ही खालच्या ओळीवर गेलात आणि उत्तर तिथे लिहिलेत, तर ही भाषा 'रिटर्न'च्या पुढे आपणहून अर्धविराम टाकते. उत्तर खालीच राहते आणि हाती काहीच येत नाही. पुष्कळदा चूक झाल्याचे कुणी सांगतही नाही. ओळ कुठे तोडली यावर अर्थ अवलंबून असतो, हे आम्ही मुक्तछंदवाले गळा काढून सांगत आलो, तेव्हा मंडळी हसायची!

भाषा अशी का झाली याला इतिहास आहे. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे केले. आधी तिचे नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्याच वर्षअखेरीला जावास्क्रिप्ट. दहा दिवसांत घातलेल्या घराच्या भिंती थोड्या तिरप्या असणारच. पण लोक राहायला आले आणि मग भिंती पाडता येईनात. जुनी पाने बंद पडता कामा नयेत, हे पथ्य या भाषेने आजवर पाळले आहे. १९९५च्या आसपास असे ब्राउझर होते ज्यांना जावास्क्रिप्ट ठाऊकच नव्हती. त्यांच्यापासून प्रोग्रॅम लपवावा म्हणून तो एका विशिष्ट खुणेत गुंडाळत. ते ब्राउझर केव्हाच गेले, पण ती खूण वाचण्याचा नियम अजून भाषेच्या प्रमाण ग्रंथात आहे.

हा प्रमाण ग्रंथ जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेने १९९७मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. ग्रंथात व्याकरण ज्या पद्धतीने मांडले जाते तिचे मूळ १९५९मधल्या पॅरिसच्या एका परिषदेत सापडते. जॉन बॅकस यांनी तिथे प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे व्याकरण नियमांच्या साखळीने मांडले. पुढे पीटर नाउर यांनी अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात ती पद्धत वापरली. दोघांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १९६७मध्ये पीटर इंगरमन यांनी एका संगणक नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहिले, की असे काम भारतात पाणिनीने फार पूर्वी केले आहे, तेव्हा या पद्धतीला पाणिनी-बॅकस म्हणावे. ते नाव काही रुळले नाही. मला त्याचे फार दुःख नाही. आपल्या मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंगांनी १८३६मध्ये छापले, त्यांचे नाव तरी आपल्या किती पदवीधरांना आठवते? असो.

आता मुद्द्यावर येतो. स्वतःपुरता जावास्क्रिप्टचा पार्सर लिहून लोकांच्या चुका दाखवण्याचे काम डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२मध्ये सुरू केले. त्यांच्या साधनाचे नाव जेएसलिंट. लिंट म्हणजे कपड्यावरचा कापसाचा कचरा. सी भाषेसाठी असे कचरा वेचणारे साधन बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८मध्ये केले होते, त्यावरून हे नाव. क्रॉकफर्ड यांनी आत वाचनाची जी पद्धत वापरली ती व्हॉन प्रॅट यांनी १९७३मध्ये सुचवलेली आणि मग जवळजवळ विसरली गेलेली. तिला नवे आयुष्य मिळाले ते यांच्यामुळे. पण क्रॉकफर्ड हे कडक गुरुजी. व्याकरणाने जे चालते तेही त्यांना चालत नसे. हे साधन तुमच्या भावना दुखावेल, असा इशाराच त्यांनी देऊन ठेवला होता. मोजक्या गोष्टी तुम्ही बदलू शकत होता, बाकीचे ते म्हणतील तसे.

मला या गुरुजींविषयी आदर आहे. त्यांनी पुष्कळांना नीट लिहायला लावले. पण कडक प्रूफ तपासनीसाच्या हाती सापडलेला माणूस काय सोसतो, तेही मला ठाऊक आहे. माझ्या एका कवितेत आजी 'सांजच्याला ये' म्हणते. एका संग्रहात ते 'संध्याकाळी ये' असे छापून आले. शुद्ध झाले. आजी मात्र त्या ओळीतून उठून गेली.

जेएसलिंटवर नाराज झालेल्या मंडळींपैकी अँटन कोवाल्योव्ह यांनी २०११मध्ये त्याचीच प्रत घेऊन जेएसहिंट नावाचे वेगळे साधन काढले. ज्याचे त्याला ठरवू द्या, हे त्यांचे म्हणणे. तरी अडचण उरलीच. नियम सैल झाले, पण वाचणारा पार्सर आणि नियम सांगणारा गुरुजी एकाच शरीरात होते. व्याकरणाचे झाड बाहेर काढून दुसऱ्याला देता येत नव्हते.

ती वाट वेगळ्याच ठिकाणी उघडली. २०१०च्या सुमारास मोझिलामध्ये डेव्ह हर्मन यांनी फायरफॉक्सच्या पोटातल्या पार्सरने बांधलेले झाड बाहेरून पाहता येईल अशी सोय केली आणि झाडाच्या प्रत्येक फांदीला काय म्हणायचे तेही लिहून ठेवले. हे नाव, ही हाक, ही घोषणा. मूळचे इंडोनेशियाचे आर्या हिदायत यांनी थोड्याच काळात एस्प्रिमा हा पार्सर लिहिला, तो झाडाची तीच ठेवण पत्करून. आणि २०१२मध्ये मारेन हावरबेके यांनी एकॉर्न आणला. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचे फळ. त्याने जास्त वेगाने वाचायचे ठरवले, पण झाड बांधले ते तसेच. तिघे वेगवेगळ्या ठिकाणचे. कुणी कुणाला भाग पाडलेले नाही. झाडाची ठेवण एक राहिली म्हणून एकाच्या झाडावर दुसऱ्याचे साधन चढू शकले. २०१५मध्ये या ठेवणीचा सर्वांनी मिळून सांभाळायचा दस्तऐवज झाला, त्याला ईएसट्री म्हणतात.

तोवर दुसरेच संकट आले होते. १९९९ साली भाषेच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. चौथीवर इतकी भांडणे झाली की २००८मध्ये ती सोडून द्यावी लागली. पाचवी आली ती २००९च्या डिसेंबरात, आणि तिनेही व्याकरण फारसे हलवले नाही. म्हणजे दहा वर्षे पार्सर लिहिणाऱ्यांना निवांतपणा होता. मग २०१५च्या जूनमध्ये सहावी आवृत्ती आली ती नव्या वाक्यरचनांची गाठोडी घेऊन, आणि तेव्हापासून दरवर्षी एक आवृत्ती निघते. शिवाय कंपन्यांनी स्वतःच्या बोली काढल्या. फेसबुकने २०१३मध्ये रिअ‍ॅक्टबरोबर आणलेली जेएसएक्स ही त्यातली एक. तिच्यासाठी त्यांनी एस्प्रिमाची वेगळी प्रत केली. नव्या व्याकरणाचा प्रयोग करायचा, की घ्या आणखी एक प्रत. प्रत्येक बोलीला वेगळा पार्सर, आणि मूळ पार्सरमध्ये दुरुस्ती झाली की ती सगळ्यांनी आपापल्या प्रतीत पुन्हा करायची.

याला उत्तर निघाले ते असे : पार्सर एकच ठेवा, पण वाचण्याआधी त्याला सांगा. एकॉर्नला मजकूर देताना सोबत सूचनांची एक यादी देतात. त्यात पहिली सूचना असते ती आवृत्तीची, म्हणजे कोणत्या सालच्या व्याकरणाने वाचू? आधी ही सूचना दिली नाही तर पार्सर आपल्या मनाने ठरवत असे. २०२०मधल्या आठव्या आवृत्तीपासून एकॉर्नने ती बंधनकारक ठरवली. सांगितले नाहीत तर कुरकुरतो, की साल सांगा.

मला हे वाचून आपल्या शुद्धलेखनाचे नियम आठवले. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२मध्ये मान्य झाले आणि १९७२मध्ये आणखी ४ जोडले गेले. 'कांहीं', 'नांव' यांवरचे अनुस्वार गेले ते या नियमांनी. आता जुने पुस्तक घेऊन या नियमांनी वाचा, पानोपानी चुका दिसतील. त्या चुका नाहीत, ते त्या सालचे व्याकरण आहे. आणि महामंडळाला हे कळत होते! केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनी, असे त्याच नियमांत सांगितले आहे. म्हणजे साल सांगा, मग वाचा. रेघ नेमकी तिथेच का ओढली, यावर भांडता येईल. पण रेघ ओढावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी सूचना आणखी मजेची. मजकूर सुटा आहे की मॉड्यूल, म्हणजे एका नव्या धाटणीच्या चौकटीतला? 'अवेट' असा एक शब्द आहे. सुट्या मजकुरात तुम्ही आपल्या एखाद्या वस्तूला ते नाव देऊ शकता. मॉड्यूलमध्ये तो राखीव शब्द, तिथे नाव देता येत नाही. अक्षरे तीच. आमच्या घरी दखनी बोलतात. लहानपणी अम्मी म्हणायची, 'तालीम पूरी कर', म्हणजे शिक्षण पुरे कर. उंबरा ओलांडून गल्लीत आलो की तालीम म्हणजे लाल मातीचा हौद आणि जोर-बैठका. कोणत्या बाजूला उभे आहोत हे कळले नाही तर पोराने दप्तर घ्यायचे की लंगोट?

सहनशीलतेची सूचनाही असते. एस्प्रिमाला सांगता येते, की काही चुका सोसून पुढे जा, नुसती नोंद ठेव. एकॉर्नचे तर एक सैल भावंडच आहे. ते मोडक्या मजकुराचेही जमेल तसे झाड बांधते. ते कशाला हवे, असे मी विचारले, तर मुलगी म्हणाली, "अब्बा, माणूस टाइप करत असतो तेव्हा त्याचे वाक्य अर्धेच असते ना? मदत करणाऱ्या साधनाला अर्धे वाक्यही कळायला हवे." हावरबेके स्वतः अशा साधनावर काम करत होते, त्यातूनच हे निघाले.

मग हे सारे फोफावले. निकोलस झाकास यांनी २०१३मध्ये ईएसलिंट काढले. त्यात प्रत्येक नियम सुटा आहे. हवा तो लावा, नको तो काढा, स्वतःचा लिहून जोडा आणि पार्सरही बदला. आधी त्यात एस्प्रिमा होता, मग त्याची प्रत एस्प्री, आणि पुढे एस्प्रीच एकॉर्नवर उभारला गेला. सेबास्टियन मॅकेंझी या ऑस्ट्रेलियन तरुणाने २०१४मध्ये सुरू केलेले आणि २०१५मध्ये बेबल नाव घेतलेले साधन नव्या व्याकरणातले लेखन जुन्या ब्राउझरला कळेल अशा व्याकरणात उतरवून देते. त्याचाही पार्सर एकॉर्नवरूनच बेतलेला. जेएसएक्स हवी तर तसे सांगा, टाइपस्क्रिप्ट हवी तर तसे सांगा. याची किंमत नाही असे नाही. ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले की ठरवण्याचा व्यापही मागे येतो. मुलगी सांगते, काही ठिकाणी अर्धविरामावरून बैठका होतात. क्रॉकफर्ड गुरुजींच्या राज्यात त्या झाल्या नसत्या.

या सगळ्या सूचनांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती टिपांविषयीची. प्रोग्रॅम लिहिणारा मध्ये मध्ये माणसांसाठी टिपा लिहून ठेवतो. यंत्राला त्यांचा उपयोग नाही. झाडात त्यांना जागा नाही, आणि पार्सर त्या गाळून टाकतो. एकॉर्नला मुद्दाम सांगावे लागते, की टिपा सापडतील त्या वेगळ्या गोळा करून दे, जागेसकट. विसरलात आणि झाडावरून मजकूर पुन्हा लिहून काढलात, तर प्रोग्रॅम बरोब्बर चालतो, पण कुणी कधी काय सांगून ठेवले होते ते पुसले जाते. ते टिकावे, ओळींची मांडणीसुद्धा मूळची राहावी, म्हणून बेन न्यूमन यांनी रीकास्ट नावाचे वेगळे साधन लिहिले. एवढ्या श्रमाचे हे काम आहे.

न्यासाच्या कामात मुलीने पाचव्या आवृत्तीचे व्याकरण सांगितले, मजकूर सुटा आहे असे सांगितले, आणि टिपा ठेवायला सांगितल्या. अवतरणातले मजकूर निघाले त्यात गावांची एक यादी होती. त्यात वडगाव दोनदा. तिने ते मला दाखवले. मी म्हटले, चुकून पडले असेल, काढून टाक. ती म्हणाली, "थांबा अब्बा, जागा बघते." दुसऱ्या वडगावच्या ओळीचा आकडा घेतला आणि त्याच आकड्याच्या वरची टीप काढली. रोमन लिपीत मराठी : ही दोन गावे वेगळी आहेत, तालुके वेगळे आहेत, एक काढले की त्या गावच्या मुलांचे अर्ज दुसऱ्या गावात जातात, एकदा गेले आहेत.

तिने यादीत दोन्ही गावे ठेवली आणि पुढे तालुक्यांची नावे घातली, म्हणजे अर्ज भरणाऱ्या मुलालाही कळेल. टीप देवनागरीत करून जिथल्या तिथे परत लावली. टिपेखाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, नुसती तारीख होती. तीही तिने तशीच ठेवली.